पडद्याकडे पाठ

बारा वाजता पिक्चर सुरू व्हायचा होता आणि त्याच्या जरा आधी थिएटरच्या आवारात तीन टेम्पो शिरले. ते बघून मी कपाळाला हात लावला.

टेम्पोत माणसं होती. बायका लग्नातल्या साड्यांत, म्हातारे कडक इस्त्रीच्या टोप्यांत. एकाने तर हारही आणला होता. पहिल्या टेम्पोच्या केबिनमधून भाऊसाहेब उतरले आणि हात पसरून म्हणाले, "अक्का, बठ्ठं गाव आणलं! एक माणूस मागे ठेवला नाही."

"कशाला?" मी विचारलं.

त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मी थट्टा करत नव्हते. थिएटरच्या मॅनेजरने भरलेला हॉल बघून कपाळाला हात लावावा, हे बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल, म्हणून आधी माझं काम समजावून सांगते.

मी जळगावात दोन पडद्यांच्या थिएटरची मॅनेजर आहे. सुरुवात धुळ्याला झाली, तिकीट खिडकीत. ते थिएटर आता मंगल कार्यालय झालंय. जिथे बाल्कनी होती तिथे जेवणाच्या पंगती बसतात. खिडकीतून मॅनेजरच्या खुर्चीपर्यंत यायला निम्मं आयुष्य गेलं, पण माझं खरं काम त्या खुर्चीतलं नाहीच. माझं खरं काम रिपोर्ट देणं.

मोठे पिक्चर हल्ली सगळीकडे एकाच दिवशी लागतात. तिथे प्रश्न एवढाच, की शो वाढवायचे की उतरवायचे. लहान पिक्चर मात्र शुक्रवारी आधी आमच्याकडे लागतो आणि पाचोरा, धुळे इथले काही थिएटरवाले थांबून बघतात. शनिवारपासून घ्यायचा का नाही, ते माझ्या रिपोर्टवर ठरतं. पेपरातले स्टार त्यांच्या उपयोगाचे नसतात. पहिला शो सुटला की मी व्हॉट्सअॅपवर माझ्या आवाजात दोन वाक्यं पाठवते, बस. जास्त बोललं की कोणी ऐकत नाही.

भुताच्या पिक्चरचा रिपोर्ट: "भूत इंटरव्हलनंतर येतं. तोपर्यंत पोरं समोसे खाऊन घरी. एकच शो ठेवा." दक्षिणेच्या मारधाडीचा: "हिरो हवेतून खाली येत नाही, पोरं खुर्चीवर बसत नाहीत. रविवारपर्यंत पैसा वसूल, सोमवारी उतरवा." थोर पुरुषावरच्या पिक्चरचा: "शाळा आणल्या तर चालेल. स्वतःहून कोणी येणार नाही." कार्टूनचा: "मुलं बघतात, बाप झोपतात. एसी चांगला ठेवा." सासू-सुनेच्या मराठी पिक्चरचा: "बायका रुमालाने नाही, पदराने डोळे पुसतात. दुपारचे शो वाढवा." आणि एकदा परदेशात बक्षीस मिळालेला एक पिक्चर आला होता, त्याचा: "फार चांगला आहे. लावू नका."

हे ऐकून लोकांना वाटतं, बाईने हजारो पिक्चर बघितलेत. मी बघत नाही. मी पडद्याशेजारच्या बाहेर जायच्या दाराशी पडद्याकडे पाठ करून उभी राहते आणि प्रेक्षकांचे चेहरे बघते. पडद्याचा उजेड त्यांच्या तोंडावर पडतो, त्यात सगळं दिसतं. मोबाइल कधी निघतात, कोणत्या गाण्याला लोक लघवीला उठतात, बाप पोराला कधी कुशीत घेतो. पडद्याकडे बघितलं की आपण फसतो. आपल्याला हिरो आवडतो, नाहीतर गाणं आवडतं, आणि आपली आवड म्हणजे पाचोऱ्याची आवड नव्हे. म्हणून मी वळत नाही. हे माझे थिएटरवाले जाणतात आणि त्यावरून माझी चेष्टाही करतात.

आता भाऊसाहेब. एरंडोलकडच्या एका गावात ते लग्नाचे व्हिडिओ काढतात. हळद, वरात, मुलीची पाठवणी, सगळं हाताखालून गेलेलं. तीन वर्षं लग्नसराई संपली की उरलेल्या दिवसांत गावच्याच माणसांना घेऊन त्यांनी अहिराणीत पिक्चर काढला. गोष्ट साधी. नवरा सुरतेला कामाला जातो, तिकडे दुसरं घर करतो, फोन बंद करतो. बायको त्याला शोधायला एकटी सुरतेला निघते. बायकोचं काम त्यांच्या थोरल्या भावाच्या बायकोने, बेबीवहिनींनी केलं होतं. कापूस वेचणारी बाई. आयुष्यात स्टेजवर चढली नव्हती.

आमच्या शेठने त्यांना शुक्रवारी बाराचा एक शो दिला. एकच. पुढे चालायचा तर पाचोऱ्याच्या सलीमभाईंनी आणि धुळ्याच्या नानांनी घ्यायला हवा होता आणि ते दोघे माझ्या रिपोर्टची वाट बघत होते. वेळही थोडा होता. हल्ली पिक्चर कुलूप लावलेला येतो. ते उघडणारी फाइल असते, तिला आम्ही चावी म्हणतो. प्रत्येक थिएटरच्या पडद्याला वेगळी चावी लागते आणि ती मुंबईहून मागवावी लागते. भाऊसाहेबांचं काम ज्या छोट्या ऑफिसने केलं होतं तिथे चाव्या काढणारा माणूस एकच. शुक्रवारी तीनला तो कॉम्प्युटर बंद करायचा, तो सोमवारी उघडायचा. शनिवार-रविवार हातचा गेला की लहान पिक्चर मेलाच समजा. पुढच्या शुक्रवारी दक्षिणेचा मोठा पिक्चर येणार होता आणि त्याने सगळे पडदे आधीच अडवले होते.

म्हणजे अडीचला शो सुटणार आणि तीनच्या आत मी सांगायचं, की हा पिक्चर लोकांना धरून ठेवतो का नाही. आणि लोक कोण? तर पिक्चरमध्ये ज्यांनी कामं केली तेच.

"भाऊसाहेब," मी म्हटलं, "वरातीला विचारायचं का नवरदेव कसा दिसतो?"

"अक्का, हॉल रिकामा दिसला असता तर तुम्ही काय रिपोर्ट दिला असता?"

"रिकाम्यात दहा परके बसले असते तरी मला कळलं असतं. आता काय बघू मी?"

त्यांचा चेहरा उतरला. माणूस लग्नाचा व्हिडिओवाला, गर्दी नसली तर त्याला काम अपुरं वाटतं. त्यांचा हेतू चांगला होता, म्हणून मला जास्तच चीड आली. तेवढ्यात सलीमभाईंचा मेसेज आला, "अक्का, रिपोर्ट वेळेवर द्या. मला बॅनर लावायचाय." मी फोन उलटा ठेवला.

दुसऱ्या पडद्यावर त्याच वेळी हिंदी प्रेमाचा पिक्चर होता. मोजून चार तिकिटं गेलेली. आमच्याकडे पाचाच्या आत माणसं असली तर शो रद्द करतात आणि पैसे परत देतात. मी खिडकीशी गेले. एक कॉलेजची जोडी होती आणि शमीमआपा व तिची नणंद. या दोघी माझ्या जुन्या गिऱ्हाईक. शुक्रवारी दुपारी घरचे पुरुष नमाजला आणि तिथून बाजारात जातात, तेवढ्यात यांचा पिक्चर होतो. घरी सगळ्यांना माहीत असतं, विचारत कोणी नाही.

"आपा, तुमचा शो रद्द," मी म्हटलं. "पैसे परत घ्या आणि हवं तर पलीकडच्या पिक्चरला बसा. तिकीट नको."

"कौनसा है?"

"अहिराणी. बाई नवऱ्याला शोधायला सुरतेला जाते."

आपाने नणंदेकडे बघितलं. "एसी है ना?"

"आहे."

"चलो फिर."

कॉलेजची जोडीही आत गेली, पण थेट शेवटच्या रांगेत. त्यांना पडद्याशी कर्तव्य नव्हतं. म्हणजे सगळ्या हॉलमध्ये माझ्या कामाचे चेहरे दोनच. आणि त्या दोघी एसीसाठी आत गेलेल्या.

पिक्चर सुरू झाला आणि मला ज्याची भीती होती तेच झालं. मी दाराशी पाठ करून उभी, आणि समोर नुसता गोंगाट. "देखा, देखा, नामदेवआबा!" "आबा, कितला मोठा दिसी राहिनात तुम्ही!" एक माणूस तर खुर्चीवर उभा राहिला. "हाई तर मन्हा बैल शे! मन्हा बैल देखा!" शिट्या, टाळ्या, हसणं. कोणाला गोष्ट ऐकू येत नव्हती, कारण कोणी गोष्ट बघतच नव्हतं. जो तो आपलं घर, आपली गल्ली आणि आपला बैल शोधत होता. पडद्यावर बाई रडली तरी टाळ्या, कारण रडणारी बेबीवहिनी होती.

शमीमआपा मधल्या रांगेत बसली होती. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. नणंद दाण्याची पुडी संपवत होती.

इंटरव्हलला भाऊसाहेब धावत आले. घामाने शर्ट ओला. "अक्का, टाळ्या ऐकल्या ना? पाठवा रिपोर्ट."

"तुमचा बैल हिट आहे," मी म्हटलं. "पिक्चरचं मला अजून माहीत नाही."

त्यांनी खिशातला रुमाल काढला, पुन्हा ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "अक्का, माले खरं सांगा. वाईट शे का?"

तेव्हा मला खरोखर भीती वाटली. पिक्चर वाईट असता तर वाईट सांगायला मी कधी डरत नाही. पण हा चांगला आहे का वाईट, हे कळायचा रस्ताच बंद होता. चांगला म्हणून ठोकून द्यावं तर सलीमभाईंच्या हॉलमध्ये दोन दिवस नुसते पंखे फिरणार, आणि त्यानंतर माझ्या शब्दावर कोणी बॅनर लावणार नाही. नाही म्हणावं तर या माणसाचा पिक्चर एका शोमध्ये संपला. मी कँटीनशी जाऊन उभी राहिले. गाव समोशांवर तुटून पडलं होतं. शमीमआपा आणि नणंद चहा पीत होत्या. मी मनात म्हटलं, घरी जाऊ नका. त्या आत गेल्या, पण पिक्चरसाठी का एसीसाठी, कोण सांगणार?

सलीमभाईंचा पुन्हा मेसेज. "आधा रिपोर्ट तरी?" मी लिहिलं, "थांबा." त्यांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं.

इंटरव्हलनंतर बाई सुरतेला पोहोचली, एवढं मला संवादांवरून कळत होतं. गाव अजून रंगात होतं. स्टेशनवरच्या गर्दीत कोणाला तरी कोणाचा तरी जावई दिसला आणि पाच मिनिटं त्यावर चर्चा झाली. माझं लक्ष मधल्या रांगेवर. नणंदेची पुडी संपली होती. शमीमआपा खुर्चीत पुढे सरकून बसली होती. कान लावून ऐकावं तशी मान वाकडी केलेली.  एवढ्याने काही सिद्ध होत नाही, पाठ दुखत असेल, असं मी स्वतःला बजावलं.

मग पडद्यावर दार वाजलं. नवऱ्याच्या दुसऱ्या घराचं दार. दुसरी बाई दार उघडते, आत बोलावते, पाण्याचा तांब्या ठेवल्याचा आवाज येतो. हॉलमध्ये मागून कोणीतरी ओरडलं, "बेबीवहिनी, जोरमा बोला!" हशा पिकला. खुद्द बेबीवहिनी पहिल्या रांगेत तोंडाला पदर लावून लाजून हसत होत्या. कोणी शीळ घातली.

शमीमआपा उठून उभी राहिली. मागे वळली. एवढ्या गावासमोर ती एकटी.

"अरे चुप बैठो ना!" ती म्हणाली. "वो औरत इतनी दूर से आके कुछ बोल रही है. सुनने तो दो उसको!"

हॉल गप्प झाला. आपल्याच गावच्या पिक्चरला परकी बाई आपल्याला गप्प बसवते, हे पचायला गावाला वेळ लागला. नामदेवआबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. बेबीवहिनींचं हसणं थांबलं. त्या शांततेत माझ्या पाठीमागून पडद्यावरच्या बाईचा नवऱ्याशी बोलतानाचा आवाज आला, पहिल्यांदाच नीट ऐकू येईल असा.

"मी तुले लेवाले नही उनी. तू जिता शे का मरेल, तेवढं देखाले उनी. कपायले कुकू लावानं का नही, हाई माले कोन सांगी?"

आणि मी वळले.

का वळले, ते सांगता येत नाही. इतक्या वर्षांत पडद्यावर नटनट्या आल्या, आग लागली, इमारती पडल्या, मी मान हलवली नव्हती. पडद्यावर बेबीवहिनींचा चेहरा होता. उन्हाने रापलेला, घामाचा, काही न लावलेला. पुढ्यात पाण्याचा तांब्या तसाच.  मी तिथेच दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले, आणि तिचं बोलणं संपल्यावर पुन्हा माणसांकडे तोंड केलं. शमीमआपा खाली बसली होती. नणंदेने तिचा हात धरला होता.

शो सुटला तेव्हा गाव मघासारखं ओरडत बाहेर आलं नाही. हार आणलेल्या माणसाला तो कोणाच्या गळ्यात घालायचा ते कळेना. शमीमआपा दाराशी आली आणि तिला बेबीवहिनी दिसल्या. ती थांबली. निरखून बघितलं. दोघींची कसलीच ओळख नाही.

"पानी क्यूँ नहीं पिया आपने?" शमीमआपाने विचारलं.

बेबीवहिनींना हिंदी कळतं, बोलता येत नाही. त्या जरा विचार करून म्हणाल्या, "पानी पिदं असतं ते मंग बोलाले जमनं नसतं."

शमीमआपाने मान हलवली. "हाँ. सही बात है." आणि नणंदेला घेऊन, बाजार आटोपून पुरुष घरी पोहोचायच्या आत पोहोचायला, भराभर निघून गेली.

मी ऑफिसात शिरून सलीमभाईंना फोन लावला. भाऊसाहेब दारात उभे. बस म्हटलं तरी बसले नाहीत.

"अक्का, टेम्पो भरून गाव आलं होतं म्हणे," सलीमभाई म्हणाले. "मग रिपोर्ट काय कामाचा?"

"गावाचा देत नाहीये. दोन परक्या बायका होत्या. एकीने सगळ्या हॉलला गप्प बसवलं."

"दो औरतों पे मी शो लावू?"

"सलीमभाई, मी वळून पाहिला."

 

"तुम्ही?"

"मी."

"पूर्ण?"

"एक सीन."

"कमाल है," ते म्हणाले. मग बराच वेळ घसा खाकरत राहिले. "टाका मेल. पाचोरा, दुपारचा एक शो. नाही चालला तर तुम्हाला ऐकवीन."

"ऐकवा."

धुळ्याच्या नानांनी नाही म्हटलं. त्यांचंही चूक नाही. माझी मान वळली म्हणून त्यांचं वीजबिल कमी होत नाही. आम्ही तीनला थोडा वेळ असताना मुंबईला मेल टाकला आणि उत्तराची वाट बघत बसलो. तीन वाजले, उत्तर नाही. भाऊसाहेब भिंतीवरचं घड्याळ आणि माझा कॉम्प्युटर, एवढंच आळीपाळीने बघत होते. मी त्यांना चहा दिला, तो तसाच गार झाला. मी मुंबईला फोन केला, कोणी उचलला नाही. मी देवाला हाक मारत नाही सहसा, त्या वेळी मारली. मग स्क्रीनवर एक ओळ आली, 'की सेंट.' चावी आली होती. भाऊसाहेब मटकन खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी त्यांना रडू दिलं आणि गार चहा उचलून ठेवला.

निघताना ते म्हणाले, "अक्का, उद्या पाचोऱ्याला दोन टेम्पो लावतो."

"एक माणूस जरी नेलात तर चावी मी परत करीन," मी म्हटलं. चावी परत करता येत नाही, पण त्यांना ते माहीत नव्हतं.

ते एकटे गेले. तोंडाला रुमाल बांधून शेवटच्या रांगेत बसले. शनिवारी शो सुटल्यावर त्यांचा फोन आला. "अक्का, अर्धा हॉल बी भरला नाही. कोणी टाळी वाजवली नाही. कोणी काहीच बोललं नाही."

"कोणी उठून गेलं का?"

"नाही."

"मग घरी जा आणि जेवा."

पिक्चर पाचोऱ्याला पुढच्या गुरुवारपर्यंत चालला. हाउसफुल्ल वगैरे काही झालं नाही. दुपारच्या शोला बायका येत होत्या, तेवढ्यावर सलीमभाईंनी तो उतरवला नाही आणि मला ऐकवलंही नाही. शुक्रवारी दक्षिणेचा आला, त्याने सगळं झाडून नेलं. भाऊसाहेब लग्नसराईला लागले. बेबीवहिनी कपाशीत.

बेबीवहिनींचं बोलणं ऐकून सुरतेच्या नवऱ्याचा चेहरा कसा झाला, ते मला अजून माहीत नाही. तेव्हा मी पुन्हा पाठ केली होती.

लहान पिक्चर घेऊन येणाऱ्यांना मी आता दारातच बजावते. पहिल्या शोला हार नको, टेम्पो नको. ज्यांचा बैल पडद्यावर नाही अशी दोन माणसं आत बसू द्या. ती एसीसाठी आली असली तरी चालतील.